वाढत्या अंगाचं कापड

मुलीचा गुडघा सरळ होता. नुसता सरळ नाही, किंचित मागे झुकलेला, सैल सांध्यांच्या मुलींचा असतो तसा. आणि त्याच्यावरचं मरून कापड मात्र वाकलेलं होतं. हॉलच्या मागच्या अरुंद बोळात, पाण्याच्या यंत्रापाशी, ती बाटली भरत उभी होती. दशांशबाई तिच्यामागे, जरा बाजूला, रिकामा पेला हातात घेऊन थांबल्या होत्या. बाटली मोठी होती, धार बारीक होती, आणि बाईंना दुसरं काही बघायला नव्हतं. मुलीच्या घोट्यापर्यंतच्या सुटाला गुडघ्यावर एक छोटी पिशवी आली होती आणि मागच्या खळग्यात तीन आडव्या चुण्या पडल्या होत्या. पाय सरळ, कापड वाकडं. मुलीने बाटलीचं झाकण लावलं, मागे वळून बाईंच्या साडीवरचा पंचाचा बिल्ला पाहिला, "सॉरी हं" म्हणाली आणि बाजूला झाली. चालताना प्रत्येक पावलाला ती पिशवी भरत होती आणि रिकामी होत होती. बाईंनी पेला यंत्राखाली धरला. पाणी पेल्यावरून वाहून मनगटापर्यंत आलं तेव्हा कुठे त्यांनी बटण सोडलं. सकाळी अकराच्या सुमाराला, बीमवर, ह्याच गुडघ्याचे त्यांनी पाच दशांश कापले होते.

दशांशबाई हे नाव त्यांना तोंडावर कोणी म्हणत नसे, पण ते त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. सव्वीस वर्षं त्या मुलींच्या जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धांना पंच म्हणून बसत होत्या. पंचाचं काम उणिवांचं. मुलगी येते तेव्हा तिच्या नावावर सफाईचे पुरते दहा गुण असतात. त्यात कोणी भर घालू शकत नाही, फक्त कापू शकतो. पाय वाकला, एक दशांश. तोल डळमळला, एक दशांश. एरवी, आठवड्याचे पाच दिवस, बाई परवाना कार्यालयात खिडकीमागे बसून अर्जांवरचे फोटो तपासत. कान दिसत नाहीत, परत काढा. कपाळावर सावली आहे, परत काढा. हसू नका असं लिहिलंय, वाचता येत नाही का? लोक चरफडत जात आणि दुसरा फोटो घेऊन येत, त्यात दुसरा दोष असे. ह्या दोन जागांवरून पाहिलेल्या जगाबद्दल बाईंचं मत काही फार चांगलं नव्हतं. माणसाला साधी सूचना दिली तरी पाळता येत नाही, आणि पाळली नाही हे दाखवून दिलं की तो दाखवणाऱ्यावरच डाफरतो, एवढं त्यांना ठाम कळलं होतं. नवरा होता तोवर म्हणायचा, "तू देवाच्या दारात गेलीस तरी आधी त्याचे कान मोजशील." नवरा गेला, वाक्य राहिलं. त्यातही बाईंना चूक सापडली होती. कान मोजायचे नसतात. दिसले म्हणजे पुरे.

पेला तसाच हातात धरून त्या बोळात उभ्या राहिल्या. समोरच्या भिंतीवर निकालाचा कागद चिकटवलेला होता. प्राथमिक फेरीतून आठ जणी अंतिम फेरीला जाणार होत्या, आणि मरून सुटातली एकतीस नंबरची मुलगी नववी होती. एका दशांशाने नववी.

सकाळच्या बैठकीत त्यांना नेहमीपेक्षा जास्त वीट आला होता. संघटनेचं पत्रक आलं होतं. मुलींनी नेहमीच्या, पाय उघडे ठेवणाऱ्या लिओटार्डऐवजी घोट्यापर्यंतचा सूट किंवा त्यावर त्याच रंगाची आखूड पँट घातली तर हरकत नाही. मात्र हालचाल पंचांना स्पष्ट दिसली पाहिजे. हरकत नाही! कार्यालयात आयुष्य काढलेल्या बाईंना ह्या दोन शब्दांचा अर्थ कोणी सांगायला नको होता. देणाऱ्याच्या मनात नसताना दिलेली परवानगी म्हणजे हरकत नाही. मुख्य पंच, साठी उलटलेले, गळ्यात शिट्टी अडकवलेले, जी ह्या खेळात कधीच वाजवायची नसते, ते पत्रक दोन बोटांच्या चिमटीत ओल्या फडक्यासारखं धरून बोलले.

"हा खेळ रेषेचा आहे हो. हाताच्या बोटापासून टाचेपर्यंत एक रेष. तीच झाकली तर उरलं काय?"

त्यांच्या स्वतःच्या अंगावर रेष म्हणावी अशी एकच उरली होती, ती पट्ट्याची. बाईंच्या शेजारी बसणारे पंच एरवी दातांचे डॉक्टर होते. त्यांनी घसा साफ केला.

"पण हल्ली मुलींना कम्फर्टेबल वाटणं महत्त्वाचं मानतात म्हणे."

"दात ओढताना वाटतं का कुणाला कम्फर्टेबल? पण ओढता ना तुम्ही?"

सगळे हसले. डॉक्टर सर्वांत जास्त हसले, कारण डॉक्टर नेहमी ज्या बाजूला हशा असेल त्या बाजूला असत. मग नव्यानेच पंच झालेली एक बाई, पेन्सिलीऐवजी रंगीत पेनं आणणारी, उभी राहून म्हणाली की हा पर्याय म्हणजे आपल्या मुलींचा मोकळा श्वास आहे. कापड वाढवल्यावर श्वास मोकळा कसा होतो ते तिलाच ठाऊक. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींचं कापड कुठे संपावं ह्यावर ही मोठी माणसं चहात बिस्किटं बुडवत अर्धा तास बोलली आणि त्या मुलींपैकी एकीलाही कोणी आत बोलावून विचारलं नाही. परंपरावाले नाकाने कांदे सोलत होते, सुधारणावाले आरशात बघून टाळ्या वाजवत होते, आणि बिस्किटं दोघांनीही सारखीच खाल्ली. शेवटी सगळ्यांनी दशांशबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मला कापडाशी देणंघेणं नाही. गोणपाट गुंडाळून आली तरी चूक दिसली की मी कापणार." मुख्य पंच मान डोलावत म्हणाले, "ह्याला म्हणतात पंच." ते शब्द त्यांना तेव्हा गोड लागले होते. ह्या माणसाने केलेली स्तुती आपल्याला गोड लागली, हे आठवून आता बोळात त्यांच्या कानशिलांना ऊब आली.

आणि देणंघेणं नव्हतं हेही खरं नव्हतं. एकतीस नंबरच्या आधी त्या सकाळी अठरा मुली बीमवर चढल्या होत्या. हाताच्या पंजाएवढीही रुंद नसलेली ती तुळई, छातीइतकी उंच. त्यावर उड्या, गिरक्या, कोलांट्या, आणि त्या सगळ्याच्या मध्ये, उडी संपल्यासंपल्या, एक हात हळूच मागे जाऊन सुटाची कड खाली ओढतो. ओढलं की एक दशांश. नियमच आहे. मुली काही केल्या ओढतातच, म्हणून त्यांच्या आया फवाऱ्याच्या डब्यातला गोंद मारून कड कातडीला चिकटवतात. तो गोंद घामाने सुटतो, आणि मग मुली आणखी ओढतात. अठरापैकी तेरा जणींनी ओढलं होतं. बाईंची पेन्सिल कागदाकडे न बघता खूण करत होती, कारण पंचाने डोळे मुलीवरून काढायचे नसतात. हात आपोआप लिहितो, नंतर बेरीज करायची. एकोणिसावी आली ती ही. घोट्यापर्यंत मरून, एक खडा नाही, चमक नाही. तिने पहिली उडी घेतली. बाईंचे डोळे सवयीने तिच्या हाताकडे गेले. हात वर होता, जिथे असायला हवा तिथे. दुसरी उडी. हात वर. गिरकी. त्या हातांना खाली काही कामच नव्हतं. बाईंची पेन्सिल वाट बघत राहिली, आणि वाट बघताना त्यांच्या आत काहीतरी चिडलं. कुठेतरी असणारच, असं ते चिडलेलं म्हणालं. मग त्यांना गुडघा दिसला. एकदा दिसल्यावर पाचदा दिसला.

मुलगी उतरल्यावर चौघा पंचांनी गुण दिले. पद्धत अशी, की चौघांतला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण टाकून द्यायचा आणि मधल्या दोघांची सरासरी धरायची. म्हणजे एखादा चक्रम असला तरी त्याचा चक्रमपणा कचऱ्यात जातो. रंगीत पेनवालीने आठ पॉइंट एक दिले, चौथ्या पंचाने आठ. बाईंनी साडेसात. एवढ्यावर थांबलं असतं तर बाईंचे साडेसात कचऱ्यात गेले असते आणि मुलगी सुखरूप राहिली असती. पण डॉक्टरांनी सात पॉइंट सहा दिले. डॉक्टर गेली कित्येक वर्षं बाईंच्या कागदावरून गुण उतरवत होते, आणि चोरी उघडी पडू नये म्हणून एक दशांश इकडेतिकडे करत होते. बाईंना हे माहीत होतं. त्यांनी कधी कागद झाकला नाही. माणूस नक्कल करतो ती शहाण्याचीच करतो, असं त्या मनाशी म्हणत. त्यामुळे त्यांची चूक टाकून दिली गेली आणि त्यांच्या चुकीची नक्कल मात्र मोजली गेली.

जिन्याकडून आवाज आले. मरून सुटातली मुलगी पायरीवर बसली होती आणि तिची कोच, तिशीची, केस करकचून बांधलेली, समोर उभी होती. बाई यंत्राच्या आडोशाला होत्या. त्यांनी जागा सोडली नाही.

"मी सांगितलं होतं ना तुला? लांब घातला की मार्क जातात. कुणी म्हणत नाही, पण जातात."

"पत्रकात लिहिलंय चालेल म्हणून."

"कागदावर चालतं गं. पंचांना चालत नाही."

"आत्याने तीन आठवडे शिवलाय."

"छान शिवलाय, पण गुडघ्याला एवढा ढगळ कशाला?"

"वाढत्या अंगाचा आहे. आत्या म्हणाली, दोन वर्षं बघायला नको."

कोचला हसू आलं आणि तिने ते गिळलं. "बरं. पुढच्या महिन्यात दुसरी स्पर्धा आहे. तेव्हा आपला नेहमीचा घाल. तेवढा एकदा."

"नाही."

"एकदा म्हणतेय मी."

"ताई, मी येणारच नाही मग. खरंच नाही येणार. सहा वर्षं मी उडी मारताना उडीचा विचारच केला नाही. दिसत असेल का, सरकला असेल का, हाच विचार. ह्या वर्षी पहिल्यांदा उडीचा केला. आणि आता तुम्ही म्हणताय तो परत घाल."

मुलगी रडत नव्हती. बुटांच्या नाड्या बांधत होती, एकेक गाठ दोनदा घट्ट करत, जशी घरी जायला निघालेली माणसं बांधतात.

वाढत्या अंगाचं. हा शब्द बाईंनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता आणि तो आला तसा आपला वास घेऊन आला, कोऱ्या कापडाच्या खळीचा. त्यांची आईही सगळं वाढत्या अंगाचंच शिवायची. शाळेच्या फ्रॉकची कड दरवर्षी उसवून खाली सोडायची, आणि जुन्या घडीची फिकट रेघ गुडघ्यावर तशीच दिसत राहायची, झाडाच्या खोडातल्या वर्षांसारखी. एक सूट तेवढा आईने शिवला नव्हता. तो जिम्नॅस्टिक्स शिकवणाऱ्या सरांनी दिला होता, पांढरा, नेमका मापाचा. बाई तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या. स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्यांचे महिन्याचे दिवस सुरू झाले, पहिल्यांदाच, आणि त्यांनी आईला सांगितलं की मला काहीतरी लांब हवं, गडद रंगाचं. आई सरांकडे गेली. आई बोलताना दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि सर खुर्चीतून न उठता हसले होते. "सर्कशीत घालतात तसलं? अहो, दोन मिनिटांचा प्रश्न आहे. कोण बघतंय?" कोण बघतंय! हॉलमध्ये सहाशे माणसं फक्त बघायलाच आली होती. आई परत येताना म्हणाली, "सर म्हणतात काही होत नाही." दुसऱ्या दिवशी त्या दोन मिनिटांत त्यांनी सुटाची कड दोनदा ओढली, दोन दशांश गेले, आणि एका दशांशाने तिसरा नंबर हुकला. अंबाडा घातलेल्या एका पंचाने कागदाकडे न बघता पेन्सिलीने खूण केली होती. ती पेन्सिल त्यांना अजून दिसे. पुढच्या वर्षी त्यांनी खेळ सोडला. पण त्यांना राग आला तो सरांचा नाही, नियमाचाही नाही. राग आला तो त्या दोनदा मागे गेलेल्या स्वतःच्या हाताचा. मूर्ख हात. पंचविशी उलटल्यावर त्या परत हॉलमध्ये आल्या त्या पेन्सिलीच्या बाजूला बसण्यासाठी, आणि तेव्हापासून जिने जिने ओढलं तिचं तिचं त्यांनी कापलं. एकीलाही सोडलं नाही. ह्याला त्या निःपक्षपात म्हणत आल्या होत्या.

घड्याळात एक पस्तीस झाले होते. दोन वाजता मुख्य पंच निकालपत्रावर सही करणार होते. सही झाली की संपलं. मुलीच्या कोचला काही करता येणार नव्हतं, कारण कापलेल्या गुणांवर बाहेरच्या कोणाला आक्षेप घेता येत नाही. हा नियम रद्द करावा असं काही वर्षांपूर्वी निघालं तेव्हा नियमाच्या बाजूने सर्वांत लांब भाषण दशांशबाईंनीच केलं होतं. एकच वाट होती. पंचाने स्वतः, सहीच्या आधी, लेखी कळवायचं की माझी चूक झाली. गुण दुरुस्त होतात आणि तो पंच त्या दिवसापुरता खुर्ची सोडतो. सव्वीस वर्षांत दोघांनी असं केलेलं त्यांनी पाहिलं होतं आणि दोघांनाही त्यांनी मनातून झुरळासारखं झटकून टाकलं होतं. नीट बघता येत नाही तर बसायचं कशाला? आता त्या एकेक सबब उचलून तपासू लागल्या. चुण्या माझ्या नाहीत, शिवणारीच्या आहेत. फोटोवर सावली पडली तर फोटो परत जातो. सावली कुणी पाडली हे मी बघत नाही. काटकसर करायला त्या आत्याला स्पर्धेचाच सूट सापडला का? मुलगी सोडेल खेळ, सोडू दे. मीही सोडला, मेले नाही. शेवटच्या सबबीपाशी त्या थांबल्या. ती सबब त्यांना इतकी ओळखीची वाटली की त्यांनी ती लगेच खाली ठेवली. खुर्चीतून न उठता हसणाऱ्या माणसाचा आवाज होता तो.

मुख्य पंचांच्या खोलीत ते आणि डॉक्टर जेवणाचे डबे आवरत होते. बाईंनी एकतीस नंबरचा कागद टेबलावर ठेवला.

"माझे साडेसात आठ करायचेत. पाच वेळा गुडघा वाकला म्हणून कापले. गुडघा वाकला नव्हता."

मुख्य पंच हसले, मग त्यांच्या लक्षात आलं की ही थट्टा नाही. "अहो, तुमच्याकडून चूक? कोच येऊन रडली का तुमच्यापाशी? बाई, नाचता येईना अंगण वाकडं, हे काय आपण आज ऐकतोय?"

"नाचणारी नीट होती. ह्या वेळेला अंगणच वाकडं होतं. कापडाच्या चुण्या होत्या, त्यांना मी गुडघा समजले."

"म्हणजे बघा!" मुख्य पंचांनी टेबलावर थाप मारली. त्यांचा चेहरा उजळला होता. "मी सकाळी काय सांगत होतो? झाकलं की दिसत नाही. आता तुमच्यासारखी पंच सांगतेय. लिहा, अस्संच लिहा कारणात: लांब सुटामुळे हालचाल अस्पष्ट. संघटनेला पाठवतो मी. हे पत्रक महिन्याभरात मागे घेतात की नाही बघा."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. एका मुलीचा हक्काचा गुण परत देताना हा माणूस त्याच कागदाने पुढच्या शंभर मुलींचा सूट काढून घ्यायला निघाला होता, आणि तेही डब्याच्या झाकणाला लागलेलं बोटाने निपटत. ह्याच्या तोंडून आपण सकाळी शाबासकी घेतली. त्यांनी पेन काढलं आणि उभ्याउभ्याच कारणाच्या रकान्यात लिहिलं, मग मोठ्याने वाचून दाखवलं: "कापडाच्या चुण्यांना वाकलेला गुडघा समजले. इतर दोन पंचांना गुडघा सरळ दिसला आहे. म्हणजे तो दिसत होता. बघणारीची चूक."

"दोन कशाला?" मुख्य पंच म्हणाले. "डॉक्टरांनाही वाकलेलाच दिसला की. दोघांना दिसला, दोघांना नाही. मग सूटच नाही का कारण?"

"डॉक्टर," बाई म्हणाल्या, "तुम्हाला काय दिसलं?"

डॉक्टरांनी डब्याची कडी लावली, काढली, परत लावली. "मला... साधारण तुमच्यासारखंच."

"किती वेळा वाकला?"

"चार-पाचदा असेल."

"उडीत की गिरकीत?"

"आता एवढं कोण लक्षात ठेवतं हो?"

"तुम्हाला माझा कागद दिसला. गुडघा दिसलाच नाही. कित्येक वर्षं तुम्हाला माझाच कागद दिसतोय."

"बाई!" मुख्य पंच म्हणाले.

"आणि मी तो झाकला नाही, हेही लिहायचं असेल तर लिहा. जागा आहे खाली."

डॉक्टरांचा चेहरा दुखऱ्या दातावर हवा लागल्यासारखा झाला होता. मुख्य पंचांनी कागद उचलला, परत वाचला, कारणात स्वतःच्या उपयोगाचा एक शब्द सापडतो का ते पाहिलं. सापडला नाही. तेव्हा त्यांनी, फार कंटाळल्यासारखं, साडेसातवर रेघ मारून आठ केले आणि म्हणाले, "तुमची खुर्ची राखीव पंचाला द्यावी लागेल. नियम आहे."

"माहीत आहे मला नियम," बाई म्हणाल्या, आणि बिल्ला काढून टेबलावर ठेवला. पिन काढताना साडीचा एक धागा निघून आला.

नवा कागद भिंतीवर लागला तेव्हा मरून सुटातली मुलगी आठवी होती आणि आधीची आठवी नववी झाली होती. ती एक ठेंगणी, निळ्या सुटातली मुलगी होती. बाईंनी सकाळी तिचे ओढण्याचे दोन दशांश कापले होते. तिची आई गोंदाच्या फवाऱ्याचा डबा हातात घेऊनच बोळात धावत आली.

"तुम्हीच बदललेत ना मार्क? मला सांगितलंय त्यांनी. कोण लागते ती तुमची? भाची? पुतणी?"

"कोणी नाही."

"कोणी नाही म्हणे! कोणी लागत नसेल तर कोण कुणासाठी एवढं करतं? माझी पोरगी पहाटे पाचला उठते हो. तिचं काय चुकलं?"

"सकाळी तिने दोनदा कड ओढली. नसती ओढली तर ती आत असती."

"मग चिकटवलं होतं की मी! दोनदा फवारलं होतं. सुटतं ते घामाने, त्याला ती काय करणार?"

ह्या आईचा दशांशबाईंना सकाळपासून तिटकारा होता, तिच्या डब्याचा, तिच्या पोरीच्या सुटावर चिकटवलेल्या खड्यांचा. आणि आता ती मूर्खासारखी ओरडत जे विचारत होती ते ह्या दिवसात कोणी विचारलेलं सर्वांत सरळ होतं. त्याला काय करणार. नियमात त्याचं उत्तर नव्हतं. एक दशांश होता फक्त. ठेंगणी मुलगी आईच्या पाठीमागे उभी होती, अंगावर जॅकेट ओढून, आणि एकतीस नंबरच्या लांब बाह्यांकडे, लांब पायांकडे बघत होती. असूयेने बघत असेल, असं बाईंना आधी वाटलं. मग वाटलं, कापडाचा अंदाज घेत असावी. कोणत्या दुकानात मिळतं, घरी शिवता येतं का, असा. आईने तिला दंडाला धरून नेलं. डबा आईच्या हातात खुळखुळत गेला.

तीनला दहा कमी असताना मुली हॉलच्या दाराशी रांगेत उभ्या राहिल्या. बाई आता नुसत्या प्रेक्षक होत्या. बिल्ल्याशिवाय त्यांना कोणी वाट देत नव्हतं, म्हणून त्या भिंतीला लागून चालत होत्या. कोचने त्यांना पाहिलं आणि ती मुलीला जवळजवळ ढकलतच घेऊन आली. कोचचे डोळे भरलेले होते. असले भरलेले डोळे बाईंना कधीच सहन होत नसत.

"मॅडम, सगळं कळलं आम्हाला. असं कोणी करत नाही. सांग गं, मॅडमना थँक्यू म्हण."

मुलीने बाईंकडे नीट पाहिलं. आता पिशवी नव्हती. कोचने गुडघ्याच्या मागे चार टाके घालून कापड आवळलं होतं, घाईचे, पांढऱ्या दोऱ्याचे.

"कशाबद्दल?" मुलगी म्हणाली.

"अगं!"

"नाही, माझेच होते ना ते मार्क?"

"तुझेच होते," बाई म्हणाल्या.

"मग सकाळी तुम्ही काय बघत होतात?"

कोचने तिचा खांदा दाबला. बाईंनी हाताने तिला थांबवलं. सव्वीस वर्षांत आयांनी, कोचनी, संघटनेच्या माणसांनी त्यांना विचारलं होतं ते एकच, कमी का दिलेत. काय बघत होतात, असं कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी नियमाचा क्रमांक सांगितला असता.

"सूट," बाई म्हणाल्या. "तुला नाही बघत होते. सूट बघत होते."

मुलीने मान हलवली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. आश्चर्यही नव्हतं. चौदा वर्षांच्या चेहऱ्यावर एक थंड, पुरता पिकलेला तुच्छभाव होता, आणि तो इतक्या सहज बसला होता की तिथे आज आलेला नव्हता हे कोणालाही कळलं असतं.

"सगळे तेच बघतात," ती म्हणाली, आणि हाताला घाम टिपायची पूड लावायला पळाली.

"लहान आहे हो मॅडम," कोच ओशाळून म्हणाली, "मनावर घेऊ नका."

बाईंनी मनावर घेतलं.